डोलोरेसच्या खुर्चीचा वारस

डोलोरेस ॲन व्हर्बा हाउसर,

मृत्युपत्र मागे राहणाऱ्यांना उद्देशून लिहायचे असते, हे मला ठाऊक आहे. तरीही पहिले नाव तुझेच घालतो, कारण यातील सहावे कलम तुझ्या स्पष्ट आज्ञेविरुद्ध आहे आणि ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळावे अशी माझी इच्छा नाही.

मी, ऑर्विल जेम्स हाउसर, वय वर्षे एकोणऐंशी, हॅलम परगण्याचा निवृत्त भूमापक, राहणार तळमजला, कॉब स्ट्रीट, पोर्ट हॅलम, ओहायो, असे लिहून ठेवतो की माझी दृष्टी अधू झाली असली तरी बुद्धी शाबूत आहे. डोळ्यांचा मधला भाग गेला आहे, कडा शिल्लक आहेत. समोरच्या माणसाचा चेहरा मला दिसत नाही, त्याचे कान दिसतात. म्हणून हा मजकूर जाड लेखणीने व मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. पाने वाढली आहेत ती त्यामुळे, मालमत्तेमुळे नव्हे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. माझ्यावर दबाव टाकू शकणारी एकमेव व्यक्ती सव्वादोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात निवर्तली आहे.

यापूर्वी आपण दोघांनी मिळून केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात प्रत्येकाने सर्व काही दुसऱ्याला दिले होते. ती व्यवस्था आता चालत नाही.

कलम पहिले : घर

माझ्या मालकीचे घर नाही. या घराच्या मालकीणबाई श्रीमती इरेना सोबचाक वरच्या मजल्यावर राहतात. आपण सारा संसार त्यांच्या छताखाली केला आणि भिंतीला खिळा ठोकतानाही त्यांना विचारून ठोकला. आजपासून मी सेंट ब्रेंडन वृद्धनिवासात राहणार आहे. तेथे एक खोली मिळते आणि दाराशी बेसबॉलच्या मैदानाकडे जाणारी बस थांबते. मी ती जागा बसमुळे निवडली, हे पॉलेटला सांगितलेले नाही. ते तिला येथे कळेल.

कलम दुसरे : बचत

बँकेतील सर्व शिल्लक व निवृत्तिवेतनाची थकबाकी आपली एकुलती एक कन्या पॉलेट हिला द्यावी.

पॉलेट, तुझ्या टूसॉनच्या घरी मी आलो नाही याचे कारण तू नव्हेस. तू मला फोनवर विचारले होतेस, "बाबा, तुम्हाला चेंडूसुद्धा दिसत नाही. जो खेळ दिसतच नाही त्याच्यासाठी तिथे एकटे राहणार?" मी म्हटले, "मैदान दिसते." तू विचारलेस, "काय दिसतं मैदानाचं?" मी म्हटले, "हिरवे." त्यावर तू रडलीस आणि मी हवामानाविषयी बोलू लागलो. तुझ्या आईने ती वेळ निभावून नेली असती. मला ती विद्या नाही.

कलम तिसरे : उपकरणे

माझे पितळी समतलमापक यंत्र, त्याची तिवई व पोलादी फीत मैदानाची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्यांना द्यावी. पिचर ज्या उंचवट्यावरून चेंडू टाकतो तो फलंदाजाच्या जागेपेक्षा दहा इंच उंच असावा असा नियम आहे. पराभवाच्या वर्षांत तो कमी भरतो अशी माझी ठाम समजूत होती आणि मी ती आपल्या खुर्चीवरून रोज बोलून दाखवीत असे. "तू खेळ बघायला येतोस की शेत मोजायला?" असे डोलोरेसने एकदा इतक्या मोठ्याने विचारले की तीन रांगा हसल्या. यंत्र देताना मी एवढेच सांगू इच्छितो की उंचवटा एकदा मोजून पाहावा.

कलम चौथे : श्री. क्लाइड फेनर

आपल्या मागच्या रांगेतील श्री. क्लाइड फेनर यांना दोन भोके पाडलेली एक कागदी पिशवी द्यावी. ती त्यांचीच आहे. आपला ड्रेजर्स संघ सलग अकरा हंगाम हरत होता तेव्हा बरेच चाहते अशा पिशव्या डोक्यावर ओढून बसत, जेणेकरून दूरदर्शनवर आपली ओळख पटू नये. श्री. फेनर पिशवी घालून येत, नऊपैकी सातव्या डावातच उठून जात, आणि एके दिवशी पिशवी खुर्चीखाली टाकून गेले ते परतलेच नाहीत. संघ जिंकू लागल्यावर ते संघाचे निळे जाकीट घालून पुन्हा प्रकटले. "आम्ही कायम सोबत होतो," असे ते लोकांना सांगतात. पिशवी त्यांना सर्वांदेखत द्यावी.

डोलोरेसने पिशवी कधी घातली नाही. तिचे म्हणणे असे की शिवी द्यायची तर तोंड दाखवून द्यावी.

कलम पाचवे : अंत्यविधी

मला सेंट सिरिल स्मशानभूमीत डोलोरेसच्या शेजारी ठेवावे. शवपेटीवर संघाचे चिन्ह नको. मी संघाचा होतो हे ज्यांना ठाऊक असायला हवे त्यांना ठाऊक आहे. भाषण कोणी करू नये.

कलम सहावे : खुर्च्या

थर्ड बेसच्या मागे, उघड्या प्रेक्षागृहात, चौथ्या रांगेतील सात व आठ क्रमांकाच्या खुर्च्यांची हंगामी तिकिटे माझ्या नावावर आहेत. क्लबच्या नियमाप्रमाणे तिकीटधारकाला आपल्या पश्चात प्रत्येक खुर्चीसाठी एक नाव ठरवून ठेवता येते. सातवी खुर्ची माझी. ती पॉलेटला मिळावी; तिने ती विकली तरी माझी हरकत नाही.

आठवी खुर्ची डोलोरेसची. ती माझ्या मृत्यूनंतर श्री. वेंडेल क्रॉमर, संघाचे माजी मालक, यांना मिळावी.

डोलोरेस, आता तू बोलशील. त्याआधी मला माझे म्हणणे पूर्ण करू दे.

तुझे आक्षेप मला पाठ आहेत. पंपांच्या धंद्यात मिळवलेल्या पैशांतून त्यांनी संघ घेतला आणि दुसऱ्याच वर्षी आपला सर्वांत लाडका खेळाडू टिटो बारेला याला विकले. त्या दिवशी तू स्वयंपाकघरात पीठ मळत होतीस. ते तसेच टाकून मैदानावर आलीस, हातांना पीठ होते. श्री. क्रॉमर मालकांसाठीच्या काचेच्या दालनात बसत नसत. ते आपल्याच पुढच्या रांगेत, उघड्यावर, साध्या खुर्चीवर बसत. तू जिन्यावरूनच सुरुवात केलीस.

"ए मालका! पंप विकता विकता माणसं विकायला लागलास होय रे?"

ते मागे वळले. डोक्यावर टोपी, हातात शेंगदाण्यांचा पुडा. "बाई, त्याच्या बदल्यात तीन पोरं आणलीत."

"तीन? तिघांना मिळून एक झेल घेता येत नाही!"

"येईल. विशीची आहेत अजून."

"त्यांना येईल तोवर मी मेलेली असेन!"

"शेंगदाणे घ्या," ते म्हणाले. तू घेतलेस, आणि खाऊन झाल्यावर पुन्हा ओरडू लागलीस.

पुढची सगळी वर्षे हेच चालले. तू रोज ओरडायचीस आणि ते रोज वळून उत्तर द्यायचे. एखाद्या दिवशी सर्दीने तुझा आवाज बसला की विचारायचे, "काय बाई, आज माफी मिळाली का?" आणि तू मला कोपराने ढोसून म्हणायचीस, "ऑर्विल, माझ्या वतीने ओरड." मला ओरडता येत नसे. मी एकदा प्रयत्न केला तेव्हा ते वळून म्हणाले, "हाउसर, तब्येत बरी आहे ना?"

मी त्यांचा कशासाठी ऋणी आहे ते आता नोंदवतो. त्यांच्याआधी ज्या मंडळींकडे संघ होता ती तो दक्षिणेकडे हलवण्याच्या तयारीत होती. सामानाच्या गाड्या ठरल्या होत्या. श्री. क्रॉमर यांनी संघ विकत घेतला आणि तो येथेच राहिला. त्यांनी आपल्याला विजयाचे वचन दिले नाही. लागोपाठ हरत असताना त्यांनी उघड्या प्रेक्षागृहाचे तिकीट वाढवले नाही, घरचे डबे आत आणायला बंदी केली नाही, आणि काचेमागे जाऊन बसले नाहीत. ज्याला जे बोलायचे ते तो त्यांच्या तोंडावर बोलू शके. मी परगण्यात नोकरी केली. ज्याच्यामुळे नुकसान झाले तो माणूस लोकांना कधी हाताशी सापडत नाही, हे मी जन्मभर पाहिले आहे. हा माणूस सापडत होता. पुढच्याच रांगेत.

तू रुग्णालयात होतीस तेव्हा ते भेटायला आले. तू माझा हात धरून सांगत होतीस, "माझी खुर्ची कुणालाही दे. फेनरला दे हवं तर. पण त्या मालकाला नाही. मी मेल्यावरसुद्धा नाही. शब्द दे." मी शब्द दिला. दारातून आवाज आला, "ऐकलं मी, बाई."

"ऐकावं म्हणूनच बोलले," तू म्हणालीस. "फुलं तिथे ठेव. कसली आहेत? स्वस्तातली दिसतात."

तू ज्याला साक्षी नव्हतीस ते आता सांगतो. तू गेल्यानंतरच्या पहिल्या सामन्याला मी एकटा गेलो. तुझी खुर्ची मोकळी ठेवली. डोळे अधू झाल्यापासून खेळ तूच मला सांगत असायचीस: "उंच गेला, उंच गेला, मेल्याने सोडला." आता कोणी सांगणारे नव्हते. मी खिशातला रेडिओ कानाला लावला. पण रेडिओवरचा खेळ समोरच्या खेळापेक्षा काही क्षण मागे असतो. लोक ओरडून, उभे राहून, खाली बसून झाले की मग मला कळे की काय झाले. मी रेडिओ बंद केला आणि हिरव्याकडे पाहत बसलो.

तेव्हा पुढच्या रांगेतून, पाठमोऱ्या टोपीखालून, आवाज आला. "बाहेरून गेला. एक चेंडू वाया." थोड्या वेळाने, "डावीकडे मारला, उंच. पोरगा मागे सरतोय. सरतोय. घेतला." त्यांच्या शेजारच्या गृहस्थाने विचारले, "साहेब, कोणाशी बोलताय?"

"स्वतःशी. वय झालं माझं."

त्या संपूर्ण हंगामात आणि त्याच्या पुढच्याही हंगामात श्री. क्रॉमर स्वतःशी बोलत राहिले, मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने. त्यांनी मागे वळून पाहिले नाही. मी कधी काही बोललो नाही. बोललो असतो तर ते थांबले असते असे मला वाटे.

ती तीन पोरे आता विशीची राहिलेली नाहीत. मागच्या सप्टेंबरात, रविवारच्या दुपारी, आपण गटात पहिले आलो. डोलोरेस, आपण पहिले आलो. सगळे प्रेक्षागृह उठून उभे राहिले आणि मैदानाकडे नव्हे तर आपल्या पुढच्या रांगेकडे वळून टाळ्या वाजवू लागले. श्री. फेनर तर रडत होते. मी उभा राहिलो. माझे हात कोटाच्या खिशात होते आणि ते बाहेर येईनात. तुझी खुर्ची माझ्या शेजारी दुमडलेली होती. तिच्या देखत मी टाळ्या कशा वाजवणार होतो? श्री. क्रॉमर एकदा वळले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होते ते मला दिसले नाही.

या हिवाळ्यात त्यांनी संघ विकला. त्यांचे वय चौऱ्याऐंशी आहे आणि मुलांना त्यात रस नाही. संघ या शहरातून हलवायचा नाही अशी अट घालूनच विकला. आपण त्यांच्याकडून आणखी काय मागणार? नवीन मालकांनी त्यांना काचेच्या दालनात कायमची जागा दिली आणि पुढच्या रांगेतली त्यांची खुर्ची विकून टाकली. म्हणजे ज्या माणसाने हा संघ येथे ठेवला त्याला आता उघड्यावर बसायला जागा नाही.

मला त्यांचे आभार मानायचे आहेत. माझ्याजवळ त्यांना देण्याजोगी दुसरी वस्तू नाही. मी जिवंत असेतो तुला दिलेला शब्द पाळीन आणि ती खुर्ची मोकळी ठेवीन. माझ्यानंतर शब्द देणाराच उरणार नाही. हा भूमापकाचा युक्तिवाद आहे, रेघेच्या अलीकडे आणि पलीकडे. तो लंगडा आहे हे मला कळते. मला याहून चांगला सुचला नाही.

कलम सातवे : उर्वरित

वर न आलेले जे काही असेल ते पॉलेटचे.

हे मृत्युपत्र मी पोर्ट हॅलम, ओहायो येथे, मार्च महिन्याच्या शेवटच्या बुधवारी, दोन साक्षीदारांच्या समक्ष, वाचून व समजून स्वाक्षरी करून पुरे केले.

(स्वाक्षरी) ऑर्विल जेम्स हाउसर

साक्षीदार :
१. (स्वाक्षरी) इरेना सोबचाक
२. (स्वाक्षरी) वेंडेल क्रॉमर

स्वाक्षऱ्यांनंतरची नोंद. दुसऱ्या दिवशी सेंट ब्रेंडनमध्ये वेगळ्या कागदावर लिहिली; हा मृत्युपत्राचा भाग नव्हे.

दुसरे साक्षीदार म्हणून माझे जुने सहकारी श्री. रे डबोस यायचे होते. त्यांचा फोन आला की गुडघा सुजला आहे, जिना उतरता येत नाही. त्या वेळी सामान गेलेले होते आणि आम्ही तिघे रिकाम्या स्वयंपाकघरात उभे होतो: मी, श्रीमती सोबचाक, आणि श्री. क्रॉमर. श्री. क्रॉमर यांना मी मुद्दाम बोलावले होते. सहावे कलम त्यांनी स्वतः वाचावे असे मला वाटत होते, कारण ते मला तोंडाने सांगता आले नसते.

त्यांनी ते खिडकीपाशी नेऊन वाचले. मग पाने उलटून पुन्हा पहिल्यापासून वाचले. श्रीमती सोबचाक यांनी स्वाक्षरी केली. श्री. क्रॉमर म्हणाले, "लेखणी द्या." मला वाटले त्यांना काही दुरुस्ती सुचवायची असेल. त्यांनी ओट्यावर कागद ठेवला आणि दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी स्वतःचे नाव लिहिले.

"अहो! हे काय केलंत?" श्रीमती सोबचाक ओरडल्या. "ज्याला मिळायचंय त्याने सही करायची नसते! मिळणारं जातं त्याचं! म्हणून तर ह्याने मला ते पिरोगी उकडायचं पातेलं आधीच हातात दिलं, कागदात घातलं नाही. ऑर्विल, सांग ना ह्यांना!"

"माहीत आहे मला," श्री. क्रॉमर म्हणाले. "जन्मभर वकील पोसलेत मी."

"मग का केलंत?"

ते माझ्याकडे वळले असावेत. मला त्यांचे दोन कान दिसले. "तिने मला नाही म्हणून सांगितलं होतं, हाउसर. माझ्या तोंडावर. अकरा वर्षं बाकीचे पिशव्या घालून बसले. ती एकटी तोंड दाखवून बोलली. तिचा शब्द मी मोडणार नाही, आणि तुम्हाला माझ्यापायी मोडू देणार नाही."

"मग मी तुमचे आभार कसे मानायचे?" मी विचारले. हे वाक्य माझ्या अपेक्षेपेक्षा मोठ्याने निघाले. रिकाम्या घरात आवाज घुमतो.

"मेल्यावर तर नकाच मानू," ते म्हणाले. "तुम्ही गेल्यावर मी त्या खुर्चीत बसून करू काय? चेंडू कुठे गेला ते सांगू कोणाला?"

त्या गोष्टीचा उच्चार आम्हा दोघांत प्रथमच झाला. श्रीमती सोबचाक छताकडे पाहू लागल्या.

"तुमच्या मागच्या रांगेसाठी नाव नोंदवलंय," ते पुढे म्हणाले. "आता जिंकतोय ना आपण, जागाच नाही कुठे. प्रतीक्षायादी आहे. तिकीट खिडकीवरची मुलगी म्हणते, नाव नीट सांगा, आजोबा. कठड्याशी उभा राहीन म्हटलं, तर उभं राहू देत नाहीत."

मी कागद पुन्हा लिहिण्याचा विचार केला. कोरे कागद सामानाबरोबर गेले होते आणि माझे डोळे दिवसाला एवढेच काम देतात. स्वाक्षऱ्या झालेल्या मजकुरात काही घालता येत नाही. सहावे कलम आठव्या खुर्चीपुरते बाद झाले आहे आणि ती खुर्ची उर्वरित मालमत्तेबरोबर पॉलेटकडे जाईल. मी जे देऊ केले ते घेतले गेले नाही, आणि जे मागायचे होते ते मला मागता येत नव्हते. श्रीमती सोबचाक यांनी नळ उगाच सोडला आणि बंद केला.

"शुक्रवारी पहिला सामना आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे."

"ती खुर्ची मी कोणाला दिलेली नाही. देणारही नाही. ती डोलोरेसची आहे."

"बरोबर आहे."

"पण ती मोकळी असते. तिच्या शेजारी मी असतो आणि मला दिसत नाही. येताना उशी आणा. सरोवराचा वारा खालून लागतो."

श्री. क्रॉमर यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. "ती ओरडेल, हाउसर."

"ओरडू द्या," मी म्हणालो.

डोलोरेस, असे झाले. तुझी खुर्ची त्यांना मिळालेली नाही. कागद त्याला साक्ष आहे, आणि त्यावर त्यांचीच स्वाक्षरी आहे. शुक्रवारी ते तेथे बसतील. तुझा आक्षेप असेल तर मी तो नाकारीत नाही. मला दुसरे काही करता आले नाही.

मृत्युपत्र पाकिटात घालून श्रीमती सोबचाक यांच्या स्वाधीन केले. दिवे मालवले. श्री. क्रॉमर यांनी दार ओढून धरले, कुलूप मी हाताने चाचपून लावले, आणि दोन्ही किल्ल्या, तुझी व माझी, मालकीणबाईंना परत केल्या.